हात पुढे केला की येणारा झटका : लान्स-अ‍ॅडम्स सिंड्रोमचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका रुग्णाच्या कागदपत्रांवरून घेतलेलं नाही. लान्स-अ‍ॅडम्स सिंड्रोम या दुर्मीळ आजारात (हृदय किंवा श्वास थांबून मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि शुद्धीवर आलेल्या माणसाचं अंग हालचाल करताना उडत राहतं) जे पुन्हा पुन्हा दिसतं, जे निर्णय घ्यावे लागतात आणि जिथे हमखास गल्लत होते, ते एका काल्पनिक स्त्रीच्या कहाणीत एकत्र गुंफलं आहे. आजार, तपासण्या आणि औषधांची माहिती मात्र खरी. मात्रा दिल्या आहेत त्या अंदाज यावा म्हणून. त्या वाचून कुणी स्वतःच्या गोळ्या बदलू नयेत.

घटना

ती 34 वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. लहानपणापासून दमा. घरच्यांच्या मते तो आटोक्यात होता. प्रत्यक्षात रोज घ्यायचा स्टेरॉइडचा इनहेलर कधीच सुटला होता आणि धाप लागली की तात्पुरता आराम देणारा निळा पंप मारायचा, एवढ्यावरच भागत होतं. एका रात्री पंपाने भागलं नाही. बोलणं तुटक झालं, ओठ निळे पडले, अँब्युलन्समध्ये श्वास थांबला आणि पाठोपाठ हृदयही. छातीवर दाब देत, नळी टाकून, दहाएक मिनिटांत नाडी परत आणली गेली.

हृदयविकारात हृदय एकाएकी बंद पडतं तेव्हा त्या क्षणापर्यंत रक्तात पुरेसा ऑक्सिजन असतो. दमा, पाण्यात बुडणं, भूल देताना झालेला अपघात यांत क्रम उलटा. आधी ऑक्सिजन संपत जातो, हृदय शेवटी थांबतं, म्हणजे नाडी जाण्याच्या आधीपासूनच मेंदू गुदमरत असतो. हा आजार दोन्ही प्रकारांनंतर होऊ शकतो, पण आधी श्वास थांबल्याचा इतिहास त्यात वारंवार सापडतो. म्हणून 'हृदय किती मिनिटं बंद होतं' याच्या बरोबरीने 'त्याआधी किती वेळ श्वास नव्हता' हेही विचारायला हवं. तो आकडा सहसा कुठेच लिहिलेला नसतो.

आयसीयूतले पहिले दिवस

दुसऱ्या दिवशी गुंगीचं औषध कमी करायला घेतलं आणि अंग उडायला लागलं. आधी पापण्या आणि जबडा, मग खांदे, मग दोन्ही पाय एकदम. नळीतला कफ ओढायला घेतला की जास्त. पलंगाची कड खाली पाडल्याचा आवाज झाला तरी. काचेबाहेर उभ्या असलेल्या भावाने पाहिलं आणि तो ओरडतच आत आला, "फिट येतेय हिला, कुणीतरी बघा!"

नर्सनेही तसंच नोंदवलं, आणि फेनिटॉइन हे फिटवरचं औषध सुरू झालं. त्या घडीला हे समजण्यासारखं आहे. पण या क्षणी खरा प्रश्न औषधाचा नसतो. नातेवाइकांना काय सांगायचं, हा असतो.

हृदय थांबून परत सुरू झालेल्या माणसाचं अंग असं उडतं तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एकीला स्टेटस मायोक्लोनस म्हणतात (मायोक्लोनस म्हणजे स्नायूचा अचानक येणारा झटका). माणूस खोल कोमात असतो आणि पहिल्या तीन दिवसांत सर्वांगाचे झटके सलग अर्धा तास किंवा अधिक चालू राहतात. त्यामागे बहुतेक वेळा मेंदूची फार मोठी हानी असते. दुसरी गोष्ट लान्स-अ‍ॅडम्स. त्यातला माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, घरच्यांना ओळखतो आणि झटके मात्र मागे राहतात. काही जणांत ते शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसू लागतात. काही जणांत गुंगी उतरण्याआधीच सुरू होतात, आणि घोळ होतो तो इथेच. पलंगाशेजारी उभं राहून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं.

त्यामुळे झटके दिसताच 'आता काही आशा नाही' असं सांगणं हे माझ्या मते या आजारातलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. त्या वाक्यावर व्हेंटिलेटर काढण्याचे निर्णय होतात. युरोपातल्या पुनरुज्जीवन आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनांनी 2021 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शुद्धीवर न आलेल्या रुग्णाच्या भवितव्याबद्दल 72 तासांच्या आधी निष्कर्ष काढायचा नाही, आणि नंतरही एकाच लक्षणावर विसंबायचं नाही. डोळ्यांच्या बाहुल्या व बुबुळाची प्रतिक्षिप्त हालचाल, मनगटाच्या नसेला दिलेला विद्युत संकेत मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), रक्तातली एनएसई नावाच्या प्रथिनाची पातळी, सीटी किंवा एमआरआय आणि स्टेटस मायोक्लोनस, यांपैकी निदान दोन गोष्टी वाईट असाव्या लागतात. त्यातही गुंगीच्या औषधाचा अंमल उरलेला नाही याची खात्री आधी करायची.

हिच्या बाबतीत बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देत होत्या. सीटीत सूज नव्हती. मनगटाचा संकेत मेंदूत दोन्ही बाजूंना पोहोचत होता, इतकंच नव्हे तर त्याची लाट नेहमीपेक्षा उंच होती. ईईजी झटके चालू असतानाच काढला गेला, हे फार बरं झालं. मेंदूची मूळ लय सलग चालू होती आणि प्रत्येक झटक्याच्या वेळी टाळूच्या मध्यभागी एक अरुंद टोकदार लाट उमटत होती. याउलट, ईईजी जवळपास सपाट आणि त्यात मधूनच झटक्यांबरोबर मोठे स्फोट, असं चित्र दिसलं असतं तर बोलणं वेगळं झालं असतं.

भावाला आणि आईला सांगितलं गेलं ते असं: हानी झाली आहे, किती ते आज कळणार नाही, या झटक्यांवरून ते ठरवता येत नाही, आणि वाट पाहायला कारण आहे. सहाव्या दिवशी 'डोळे मिटा' म्हटल्यावर तिने मिटले. नवव्या दिवशी नळी निघाली.

वॉर्डातला गोंधळ

घरच्यांना वाटलं, सुटलो. वॉर्डात आल्यावर ती निवांत पडलेली असायची तेव्हा काहीच नसायचं. झोपेत तर अंग अगदी शांत. बोलायला गेली की शब्द मधेच तुटायचे. पाण्याच्या पेल्याकडे हात नेला की हात बोटभर अंतरावर येऊन उडायचा आणि पेला भिंतीकडे जायचा. दुसऱ्यांदा ती जास्त जपून हात न्यायची आणि जास्त जोराने उडायचा. आईने पेला ओठांशी धरला तर मान उडायची.

या टप्प्यावर तिच्या फाइलीत चार वेगवेगळी निदानं आली. प्रत्येकाला थोडाफार आधार होता.

पहिलं, अपस्मार. पण झटक्यात शुद्ध जात नव्हती. हात उडत असतानाच ती "सॉरी" म्हणत होती.

दुसरं, कंप. तिला दर चार तासांनी साल्ब्युटामॉलचा, म्हणजे निळ्या पंपातल्याच औषधाचा, नेब्युलायझर चालू होता आणि त्याने हात थरथरतात, हे दम्याच्या प्रत्येक रुग्णाला माहीत असतं. पण ती थरथर बारीक, एका लयीत चालणारी असते. इथे लय नव्हती. एकच हिसका, मग क्षणभर काही नाही, मग लागोपाठ दोन. कंप समजून कुणीतरी प्रोप्रॅनोलॉल सुचवलं. कंपावर ते नेहमीचं औषध आहे, पण दम्यात श्वासनलिका आवळून टाकतं. गोळी लिहिली जाण्याआधी वॉर्डाच्या फार्मासिस्टने फोन केला. या एका फोनची नोंद फाइलीत कुठे नाही, आणि पुढे जे काही करता आलं ते त्यामुळे करता आलं.

तिसरं, लहान मेंदूचा तोल जाणं, म्हणजे अ‍ॅटॅक्सिया. यात तथ्य होतं. ऑक्सिजनच्या अभावाला लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी फार लवकर बळी पडतात आणि या आजारात झटके व अ‍ॅटॅक्सिया जोडीने असतात. पण अ‍ॅटॅक्सियात हात डुलत, चुकत, हेलकावत जातो. हिसका वेगळा.

चौथं, 'मनाचं आहे'. निवांत असताना काही नाही, कुणी बघत असलं की वाढतं, काम सांगितलं की वाढतं, एमआरआय नॉर्मल. एवढ्या गोष्टी जुळल्यावर हा शेरा पडायला वेळ लागत नाही. गंमत अशी की हीच सगळी या आजाराची ओळखचिन्हं आहेत. जेम्स लान्स आणि रेमंड अ‍ॅडम्स यांनी 1963 साली 'ब्रेन' या नियतकालिकात चार रुग्णांचं वर्णन केलं तेव्हा त्यांनी नेमकं हेच टिपलं होतं: हेतू धरून केलेल्या हालचालीत झटका येतो, अचूकपणाची गरज जितकी जास्त तितका तो वाढतो, स्पर्शाने, दचकण्याने, भावनेने वाढतो आणि स्वस्थ पडल्यावर ओसरतो. एमआरआय नॉर्मल असणंही इथे नवलाचं नाही. बिघाड बहुतेक वेळा पेशींच्या वागण्यात असतो, चित्रात दिसेल असा खड्डा पडलेला नसतो.

वाद मिटला तो स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून. प्रत्येक झटक्यात स्नायू 50 मिलिसेकंदांहूनही कमी वेळ पेटत होता. मुद्दाम किंवा नकळत मनातून येणाऱ्या हालचालीला इतकं थोडकं राहता येत नाही. ती सहसा याहून जास्त लांबते. झटक्याच्या अवघे काही मिलिसेकंद आधी मेंदूच्या पृष्ठभागावर लाट उठत होती, आणि मनगटाच्या नसेला हलका संकेत दिला तरी हात उडत होता. उगम कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात आहे, एवढं यातून पक्कं झालं. मूत्रपिंड, यकृत, सोडियम, साखर आणि तिला मिळालेली अँटिबायोटिक्स व वेदनाशामकं यांच्यामुळेही असे झटके येऊ शकतात. तेही तपासून बाजूला ठेवलं.

मला विचाराल तर इलेक्ट्रोड नसतानाही निम्मं काम एका प्रश्नाने होतं: झटका नेमका केव्हा येतो? पडल्यापडल्या, हात वर धरून ठेवल्यावर, की वस्तूपाशी पोहोचताना? हा प्रश्न कुणी विचारला नव्हता असं नाही. उत्तर 'सतत' असं लिहून ठेवलं होतं, कारण डॉक्टर राउंडला आले की ती उठून बसायचा प्रयत्न करायची.

पाय का दुमडतात

हाताच्या झटक्यांची चर्चा भरपूर होते. तिला घरी जाण्यापासून अडवलं ते पायांनी, म्हणून इथे जरा थांबतो.

या आजारात दोन प्रकारचे झटके असतात. एकात स्नायू क्षणभर आकसतो. दुसऱ्यात चालू असलेला स्नायू क्षणभर बंद पडतो. त्याला निगेटिव्ह मायोक्लोनस म्हणतात. हा खंड सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचा, डोळ्यांना धड दिसतही नाही. पण उभं राहणं म्हणजे मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू अखंड काम करत असणं. त्यात असा खंड पडला की गुडघा लटकन दुमडतो. माणूस सावरतो, स्नायू पुन्हा ताणले जातात, पुन्हा खंड. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की ती स्प्रिंगवर उभी आहे. पाय वरखाली उसळत असतात आणि मग एकदम खाली बसते.

तिच्या पायांत ताकद पूर्ण होती. पलंगावर पडून फिजिओथेरपिस्टचा हात ती जोराने ढकलू शकत होती. त्यामुळे 'ताकद वाढवा' या सल्ल्याचा उपयोग झाला नाही. उलट, दमेपर्यंत व्यायाम करून घेतला त्या दिवशी संध्याकाळी ती जास्त पडली. उपयोगी पडलं ते वेगळंच: उभं राहण्याआधी पुढे टेबल, दोन्ही कोपरांचा भार त्यावर, मागे खुर्ची टेकलेली. पावलं दोन, मग बसायचं. चालताना कमरेला पट्टा आणि त्याला धरलेला एक माणूस. आंघोळ बसून. गुडघ्यांना पॅड. अंतर जास्त असेल तर चाकाची खुर्ची, तीही संकोच न करता. खुर्ची म्हणजे हार, असं घरात कुणीतरी म्हणालंच. पण खुर्चीमुळे वाचलेली शक्ती ती जेवणाला आणि बोलायला वापरत होती.

निगेटिव्ह झटक्यांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते औषधांना सहज दाद देत नाहीत. हात सुधारले तरी पाय मागे राहतात, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर तिसऱ्या महिन्यात सगळ्यांचा धीर सुटतो.

औषधं

फेनिटॉइन आधी हळूहळू बंद केलं. अपस्मारातलं मोठं औषध असलं तरी कॉर्टेक्समधून येणाऱ्या या झटक्यांवर त्याचा सहसा उपयोग होत नाही. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन यांनी काही प्रकारचे मायोक्लोनस वाढतातही.

लेव्हेटिरॅसिटॅम 500 मिलिग्रॅम दोनदा असं सुरू करून टप्प्याटप्प्याने दिवसाला 2000 पर्यंत नेलं. ते यकृताऐवजी मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि दम्याच्या औषधांशी भांडत नाही, म्हणून पहिलं पाऊल म्हणून सोयीचं. दोन आठवड्यांत बोलणं सलग होऊ लागलं. त्याच सुमारास चिडचिड सुरू झाली. एरवी शांत असलेली बाई आईवर खेकसायला लागली. घरच्यांनी ते आजाराच्या त्रासावर ढकललं. हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि तो आधी सांगितलेला नसेल तर घर पोखरतो. मात्रा थोडी खाली आणल्यावर तो बराच कमी झाला.

क्लोनाझेपाम दुसरं. रात्री अर्ध्या मिलिग्रॅमपासून. परिणाम लवकर दिसतो आणि तिथेच मोह होतो. मात्रा वाढवत गेलं की गुंगी, तोल आणखी जाणं, लाळ साठणं आणि काही महिन्यांनी सवय. शिवाय दम्याचा तीव्र अ‍ॅटॅक आला तर या गटातली औषधं श्वास मंदावू शकतात. इथे मात्रा मुद्दाम कमी ठेवली. एकदम बंद करायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून दिलं, कारण अचानक सुटलं तर झटके उसळून येतात आणि फिटही येऊ शकते.

तिसऱ्या औषधावर खरी चर्चा झाली. सोडियम व्हॅल्प्रोएट या आजारात चांगलं काम करतं आणि अनेक ठिकाणी ते पहिल्या ओळीतच असतं. पण ती 34 वर्षांची. गर्भारपणात हे औषध चालू असेल तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग असतं, आणि शंभरांतल्या तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वा वर्तनाच्या विकासात अडचणी येतात. तिला मूल हवं होतं की नाही, हे तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. आजार इतका मोठा असताना हा प्रश्न लोकांना अप्रस्तुत वाटतो. तिने उत्तर दिलं, "आत्ता नाही, पण नाहीच असं मी म्हटलेलं नाही." व्हॅल्प्रोएट बाजूला ठेवलं.

त्याऐवजी पिरासिटॅम जोडलं. लेव्हेटिरॅसिटॅम आणि ते एकाच रासायनिक कुळातले. कॉर्टेक्सच्या मायोक्लोनसवर त्याची मात्रा ग्रॅममध्ये जाते, दिवसाला 7.2 ग्रॅमपासून 24 ग्रॅमपर्यंतही. दुष्परिणाम कमी, गोळ्यांचा ढीग मोठा, आणि हातच नीट चालत नसलेल्या माणसाला ढीगभर गोळ्या पाकिटातून काढायच्या असतात! द्रावण मिळवलं आणि हा प्रश्न सुटला.

या आजाराची सेरोटोनिनशी, म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप नेणाऱ्या एका रसायनाशी, जुनी गाठ आहे. काही रुग्णांच्या पाठीच्या पाण्यात सेरोटोनिनच्या विघटनातून बनणारा पदार्थ कमी सापडला आणि 5-एचटीपी हे सेरोटोनिनचं पूर्वरूप कार्बिडोपा या औषधासोबत दिल्यावर काहींचे झटके थांबले. मळमळ, उलट्या आणि नवी औषधं आल्यामुळे तो उपचार मागे पडला. मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याचे प्रयोग थोड्याच रुग्णांवर झाले आहेत. तिच्या बाबतीत तिथवर जायची वेळ आली नाही.

मोजायचं काय

झटके मोजायचे नाहीत, असं या घराला सांगितलं. आई वही घेऊन बसायची आणि दिवसाला किती ते लिहायची. आकडा तिने काय केलं यावर ठरायचा. दिवसभर पडून राहिली तर कमी, जरा धडपड केली तर जास्त. म्हणजे वहीप्रमाणे सगळ्यात चांगला दिवस तो, ज्या दिवशी तिने काहीच केलं नाही. त्या वहीचा दुसरा परिणाम असा झाला की आईच्या नजरेखाली झटके वाढायचे.

मायोक्लोनससाठी जी प्रमाणित मोजपट्टी वापरतात तिच्यात स्वस्थ पडल्यावरचे, स्पर्शाने येणारे आणि हालचालीत येणारे झटके वेगवेगळे नोंदवतात. शिवाय लिहिणं, चक्र काढणं, पाणी ओतणं, चमच्याने सूप पिणं अशी कामंही करून घेतात. घरासाठी त्यातून एक काम निवडलं: अर्धा भरलेला जग, दोन हात, कोपरं टेबलावर, पेल्यात पाणी ओतायचं. औषध बदलण्याआधी आणि बदलल्यावर दोन आठवड्यांनी तेच काम, त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसून, फोनवर रेकॉर्ड करून. डॉक्टरांना हे व्हिडिओ वहीपेक्षा खूप जास्त सांगून गेले.

जेवणासाठी झाकणाचा पेला आणि लांब स्ट्रॉ. पण त्याआधी गिळण्याची तपासणी, कारण घसा आणि श्वासपटलही उडू शकतं आणि घास चुकीच्या वाटेने जाऊ शकतो. वजनदार चमच्याचा उपयोग काहींना होतो. हिला झाला नाही, उडाला की लागायचा. कोपर टेबलाला घट्ट टेकवणं आणि ताट उंच ठेवून हाताचा प्रवास कमी करणं, यानेच सगळ्यात जास्त फरक पडला. हात लावण्याआधी 'हात लावतेय' असं सांगायचं, मागून हाक मारायची नाही. पाहुण्यांना हे पटवणं कठीण गेलं. लहान भाचीला मात्र एकदाच सांगावं लागलं.

सहा महिने, एक वर्ष

सहा महिन्यांनी ती वॉकरने घरात चालत होती, पट्टा धरणारं कुणीतरी असताना. एका वर्षाने पाणी ओतताना थोडंच सांडत होतं. फळ्यावर लिहिता येत नव्हतं, आणि त्याचं कारण आता तिला स्वतःला सांगता येत होतं: हात वर धरून ठेवायचा म्हणजे स्नायू अखंड ताणलेले हवेत, आणि खंड नेमका तिथेच पडतो. टेबलावर ठेवलेल्या स्क्रीनवर, मनगट टेकवून, ती लिहू शकत होती. या आजारात अनेकांचे झटके वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातात. अ‍ॅटॅक्सिया मागे रेंगाळतो. काहींना औषधं पुढे कमी करता येतात.

स्मरणशक्तीचं काय, हे फार उशिरा पाहिलं गेलं. हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भागही ऑक्सिजनच्या अभावाला हळवा असतो. जुनं गणित तिला सगळं येत होतं, सकाळी काय ठरलं ते दुपारी आठवत नव्हतं. झटके इतके डोळ्यांत भरतात की ही उणीव त्यांच्या मागे लपते. औषधाच्या वेळा चुकायला लागल्या तेव्हा 'निष्काळजीपणा' हा शब्द घरात वापरला गेला. फोनवरचे गजर आणि खणांचा डबा यांनी निम्मा प्रश्न सुटला.

उरलेली गोष्ट दम्याची. या सगळ्या धावपळीत न्यूरोलॉजीच्या भेटी वेळेवर होत होत्या आणि छातीच्या डॉक्टरांकडे सात महिने कुणी गेलं नव्हतं. तिच्या जिवाला झटक्यांपेक्षा दम्याचा धोका जास्त होता, आणि तो आता वाढला होता. पंप वापरायचा म्हणजे तोंडाशी नेमका धरायचा, श्वास आत घेताना त्याच क्षणी दाबायचा. हेतू, अचूकपणा आणि वेळ साधणं, तिन्ही एकत्र. तिने दाखवलं तेव्हा पहिला फवारा गालावर गेला आणि दुसऱ्याला पंप हातातून उडाला. धाप लागलेली असताना, घाबरलेली असताना, हे आणखी वाईट होणार. म्हणजे गेले काही महिने 'पंप आहे ना जवळ' या भरवशावर घर निर्धास्त होतं आणि औषध फुप्फुसात पोहोचतच नव्हतं.

मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, आला. त्यात फवारा आणि श्वास एकाच क्षणी जुळवावा लागत नाही, आणि दाबायचं काम दुसरा माणूस करू शकतो. निळ्या पंपावर एकट्याने भागवणं बंद झालं. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 2019 पासून तेच सांगतात: फक्त आराम देणारा पंप पुरेसा नाही, स्टेरॉइड हवंच. रोजच्या स्टेरॉइडने आराम देणारं औषध कमी लागू लागलं आणि हाताची बारीक थरथरही उतरली. भाऊ, आई आणि शेजारच्या खोलीत झोपणारी भाची, तिघांकडून स्पेसर जोडून दाखवून घेतला गेला. क्लोनाझेपामची दुपारची गोळी पुढच्या भेटीत कमी करायची की नाही, ते पाणी ओतण्याच्या नव्या व्हिडिओवर ठरणार आहे.